रत्नागिरीचे मोफत किनारे: आईला बसता येईल आणि मुलांना भिजता येईल अशी जागा कोणती?

कोथरूडचा रहिवासी

नमस्कार. मार्गशीर्ष शुद्ध दशमी, एकादशी आणि द्वादशी असे तीन दिवस आम्ही पुण्याहून स्वतःच्या गाडीने रत्नागिरीला जाणार आहोत. मुक्काम शहरातच, एका नातेवाइकांच्या घरी आहे. आईचे वय ७२ असून तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे मऊ वाळूतून फार चालणे किंवा पायऱ्या उतरणे तिला जमत नाही. मुलगी ११ वर्षांची आणि मुलगा ७ वर्षांचा आहे. दोघांनी आजवर मोठे पाणी पाहिले ते खडकवासल्याचे. मुलगी टिळक तलावात दोन उन्हाळे पोहायला शिकली आहे आणि समुद्रातही आपण तसेच पोहू शकू, अशी तिची समजूत झाली आहे.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मागच्या वर्षी कोकणातच दुसऱ्या एका गावी गेलो असताना एका निवासस्थानासमोरच्या वाळूवर आई बसली होती. तेथील रखवालदाराने येऊन ‘ही जागा आमच्या पाहुण्यांसाठी आहे’ असे सांगितले आणि तिला उठायला लावले. आई काही न बोलता उठली, पण परतीच्या वाटेवर ती फारशी बोललीच नाही. या वेळी तसे होऊ नये अशी माझी इच्छा आहे. म्हणून विचारतो की रत्नागिरी शहरात आणि जवळपास कोणत्या किनाऱ्यांवर पैसे न देता मोकळेपणाने जाता येते, आईला कोठे निवांत बसता येईल, मुलांना पाण्यात कोठे सोडावे आणि किनाऱ्यावरून कोणाला उठवण्याचा अधिकार खरोखरच कोणाला असतो का?

राजिवड्याचा, आता कर्वेनगरात

माझे बालपण काजळी नदीच्या मुखाशी, राजिवड्यात गेले, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. आपल्या कुटुंबासाठी मी पहिले नाव भाट्याचे घेईन. शहरातून खाडीवरचा पूल ओलांडला की पावसला जाणारा रस्ता किनाऱ्याला लागूनच धावतो. रस्ता आणि वाळू यांच्यामध्ये सुरूचे बन आहे. गाडीतून उतरून आईंना थोडीच पावले चालावी लागतील. सोबत घडीची खुर्ची न्या आणि ती सावलीत, घट्ट जमिनीवर ठेवा. तेथून समोर समुद्र, उजव्या हाताला खाडीचे मुख आणि पलीकडे रत्नदुर्ग असे सगळे दृश्य बसल्या जागेवरून दिसते. किनारा सरळ आणि सुमारे दीड किलोमीटर लांब असल्यामुळे सुट्टीच्या दिवशीही माणसे विखुरली जातात. जवळच झरी विनायकाचे मंदिर आणि नारळ संशोधन केंद्र आहे.

मात्र भाट्याचे उत्तर टोक, म्हणजे खाडीच्या मुखाकडचा भाग, मुलांसाठी पूर्णपणे वर्ज्य समजा. ओहोटीच्या वेळी खाडीत साठलेले पाणी तेथून जोराने बाहेर पडते, तळाची वाळू सरकत राहते आणि काल गुडघाभर असलेले पाणी आज डोक्यावर जाऊ शकते. मासेमारीच्या होड्यांची ये-जाही त्याच वाटेने होते. आम्ही मच्छीमारांची मुले असूनही आम्हाला तेथे उतरू देत नसत. पाण्यात जायचे असेल तर मंदिराच्या बाजूला, दक्षिणेकडे जावे.

खाडीच्या अलीकडे, शहराच्या अंगाला मांडवी आहे. तेथील वाळू काळपट दिसते, म्हणून जुने लोक त्याला काळा समुद्र म्हणतात. तो रंग घाणीचा नाही, हे मुलांना आवर्जून सांगावे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट या लोहयुक्त जड खनिजांचे कण आहेत. बेसाल्ट आणि जांभा झिजून हे कण समुद्रात येतात. लाटा हलकी वाळू वाहून नेतात आणि जड कण मागे राहतात. एखादे लोहचुंबक कागदात गुंडाळून वाळूवरून फिरवले तर मॅग्नेटाइटचे कण त्याला चिकटतात. माझ्या मुलाचा या खेळात अख्खा तास गेला होता. मांडवीचा धक्का सपाट असल्यामुळे आईंना त्यावरून सावकाश चालता येईल. एके काळी मुंबईच्या आगबोटीतून उतरणारी माणसे या बंदरात येत असत. मांडवी हे पोहण्याचे ठिकाण नाही. संध्याकाळी भेळ घेऊन सूर्यास्त पाहत बसण्याची ती जागा आहे आणि त्यासाठी मला तरी तिच्याइतके दुसरे ठिकाण प्रिय नाही.

मिऱ्याच्या बाजूच्या पांढऱ्या समुद्राबद्दल मात्र मनावर दगड ठेवून लिहावे लागते. लहानपणी तेथे पांढऱ्या वाळूचा रुंद पट्टा होता. लाटांच्या माऱ्याने किनारा खचत गेला आणि वस्ती वाचवण्यासाठी दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा घालावा लागला. त्या दगडांवर शेवाळ असते, म्हणून मुलांना त्यांवर चढू देऊ नये.

शहराबाहेर उत्तरेला शिरगाव, साखरतर, काळबादेवी या वाटेने गेलात की आरे आणि वारे हे जोडकिनारे लागतात. डोंगरावरून दिसणारे त्यांचे दृश्य आईंना गाडीत बसूनही पाहता येईल. पाण्यात उतरण्यासाठी मात्र मी ते सुचवणार नाही. तेथे ओढ जबर आहे आणि आजवर अनेक जीव गेले आहेत. दक्षिणेला पावसजवळचे गणेशगुळे शांत आहे. ‘गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला’ ही आख्यायिका त्याच गावाची. एक सकाळ तेथे जरूर काढावी, पण दुकाने कमी असल्यामुळे पाणी आणि खाणे बरोबर न्यावे.

या सर्व ठिकाणी वाळूवर जाण्याचे पैसे पडत नाहीत. काही गावांत वाहन उभे करण्यासाठी ग्रामपंचायत शुल्क घेते. ते वाहनाचे असते, किनाऱ्याचे नव्हे. ते द्यावे आणि पावती घ्यावी.

सदाशिव पेठेतील वाचक

आपल्या शेवटच्या प्रश्नापुरते लिहितो, कारण तो प्रसंग वाचून मलाही वाईट वाटले.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० नुसार समुद्राचा, बंदरांचा आणि खाड्यांचा भरतीच्या रेषेखालील तळ ही राज्य शासनाची मालमत्ता आहे. म्हणजेच भरतीचे पाणी जेथपर्यंत पोहोचते त्या रेषेपासून समुद्राकडची ओली वाळू सर्वसाधारणपणे कोणत्याही निवासस्थानाच्या मालकीची असत नाही. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्याचा निकाल दिला. खटला हिमाचल प्रदेशातील बियास नदीकाठच्या एका हॉटेलाचा होता, पण न्यायालयाने मांडलेले तत्त्व व्यापक आहे. समुद्रकिनारे, वाहते पाणी, हवा आणि वने यांसारख्या नैसर्गिक साधनसंपत्तीचे शासन हे विश्वस्त असून तिचा लाभ घेणारी सर्वसामान्य जनता आहे, असे ते तत्त्व सांगते. १९९१ साली निघालेल्या आणि पुढे २०११ व २०१९ मध्ये नव्याने काढलेल्या किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनांनी या पट्ट्यातील बांधकामांवर निर्बंध घातले आहेत.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. भरतीच्या रेषेच्या वरची कोरडी वाळू, माडाची बाग किंवा सुरूची सावली ही खासगी सातबाऱ्यावर असू शकते आणि तेथे बसू न देण्याचा अधिकार मालकाला असतो. आपल्या मातोश्री नेमक्या कोठे बसल्या होत्या, यावर त्या प्रसंगाचे उत्तर अवलंबून आहे. बहुतेक वेळा अडचण वाळूची नसते, वाळूपर्यंत जाणाऱ्या वाटेची असते. म्हणूनच सार्वजनिक रस्त्याला लागून असलेला किनारा निवडावा हा वरचा सल्ला मला फार योग्य वाटतो. भाट्याला आपल्याला कोणाच्या फाटकातून जावे लागणार नाही.

पाषाणची पोहणारी

मी गेली अनेक वर्षे तलावात रोज पोहते आणि समुद्रात मात्र बेतानेच उतरते, म्हणून आपल्या मुलीविषयी कळकळीने लिहीत आहे.

तलावातले पाणी जागच्या जागी असते, तळ ठाऊक असतो आणि काठ हाताशी असतो. समुद्रात लाटांबरोबर किनाऱ्याकडे आलेले पाणी परत जाताना एखाद्या अरुंद, खोल पन्हळीतून जोराने बाहेर धावते. त्या जागी लाटा फुटताना कमी दिसतात आणि पाणी शांत वाटते, त्यामुळे अनोळखी माणूस नेमका तेथेच उतरतो. या ओढीविरुद्ध सरळ किनाऱ्याकडे पोहू लागणारा चांगला पोहणाराही दमतो, आणि बुडण्याचे कारण बहुतेकदा हे दमणेच असते. ओढीत सापडल्यास घाबरून हातपाय न मारता तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि शक्य असेल तर किनाऱ्याला समांतर बाजूला सरकून मग परतावे. ओढ माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेते. एवढे मुलीला आधीच समजावून सांगितले तरी पुष्कळ झाले.

माझे मत विचाराल तर दोन्ही मुलांना गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ देऊ नये, एक मोठे माणूस त्यांच्यापेक्षा समुद्राच्या बाजूला उभे असावे आणि त्याच्या हातात भ्रमणध्वनी नसावा. मुलीला पोहता येते हीच मला सर्वात जास्त काळजीची गोष्ट वाटते.

बिबवेवाडीहून

शहरात राहण्याऐवजी गणपतीपुळ्याला मुक्काम केल्यास देवदर्शन, किनारा आणि भोजन या सर्व सोयी एकाच ठिकाणी मिळतात. आम्ही दोनदा गेलो आहोत आणि वयस्कर मंडळींची गैरसोय झाली नाही.

राजिवड्याचा, आता कर्वेनगरात

गणपतीपुळ्याला दर्शनासाठी जरूर जावे. सागरी मार्गाने अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. परंतु मंदिरासमोरच्या समुद्रात मुलांना उतरवू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तेथेही ओढीने दुर्घटना घडलेल्या आहेत आणि गर्दीत लहान मूल नजरेआड व्हायला क्षणही पुरतो. शिवाय प्रश्नकर्त्यांना निवांतपणा हवा आहे आणि राहण्याची सोय शहरात आहेच.

कोथरूडचा रहिवासी

सर्वांचे मनापासून आभार. आई कोरड्या वाळूवर, सुरूच्या सावलीत बसली होती. म्हणजे ती जागा कदाचित त्यांचीच असेल. हे कळल्याने माझा राग बराच निवळला, तरी सांगण्याची पद्धत वेगळी असू शकली असती असे वाटते.

आता एकच विचारायचे राहिले. भाट्याला दिवसाच्या कोणत्या वेळी जावे? भरती-ओहोटीचे कोष्टक मला नीट समजत नाही.

राजिवड्याचा, आता कर्वेनगरात

आपण तिथी दिल्या आहेत, त्यामुळे माझ्या आजोबांच्या रीतीने सांगता येईल. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. कृष्ण पक्षातही प्रतिपदेपासून पुन्हा एक असेच मोजावे. दशमीला दहाची पाऊणपट साडेसात होते, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी दीडच्या सुमारास पूर्ण ओहोटी. एकादशीला हीच वेळ सव्वाआठ आणि सव्वादोन, द्वादशीला नऊ आणि तीन. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, तेच या हिशेबात दिसते. हा अंदाज आहे, घड्याळ नव्हे, म्हणून अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरावा आणि निघण्यापूर्वी छापील कोष्टकाशी ताडून पाहावा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जास्त चढते आणि जास्त ओसरते. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढउताराची, भरती असते. आपले दिवस या दोहोंच्या मधले आहेत.

यावरून असे ठरवा. सकाळी पूर्ण भरतीनंतर पाणी ओसरू लागते, आणि ओसरत्या पाण्यात आम्ही मुलांना कधीच सोडत नाही. त्यामुळे सकाळी गणेशगुळे, रत्नदुर्ग किंवा पुळ्याचे दर्शन उरकावे. दुपारी चारच्या सुमारास भाट्याला यावे. तेव्हा पाणी चढू लागलेले असते, ऊन उतरलेले असते आणि घट्ट ओली वाळू अजून रुंद असते, त्यामुळे आईंनासुद्धा हात धरून त्यावरून थोडे चालता येईल. मुलांना पाऊण तास भिजू द्या. मात्र चढते पाणी वस्तू आणि खुर्ची ओढून नेते, म्हणून आईंची खुर्ची सुरुवातीपासूनच वरच्या बाजूला, सुरूच्या कडेला ठेवा. ती सावली रस्त्याच्या कडेची आहे, तेथून आजवर मला कोणी उठवलेले नाही.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तेव्हा साडेपाचला मुलांना कोरडे करून निघालात, तर पूल ओलांडून मांडवीच्या धक्क्यावर सूर्यास्ताला पोहोचाल.

कोथरूडचा रहिवासी

हे सर्व वहीत उतरवून घेतले. पाऊणपटीचा हिशेब मुलीला करायला दिला तेव्हा तिने तिन्ही दिवसांच्या वेळा स्वतः काढल्या आणि ‘मग सकाळी पाण्यात जायचे नाही’ हे तिनेच धाकट्याला सांगितले. आईला भाट्याच्या सुरूच्या बनाबद्दल सांगितले. तिने लगेच माळ्यावरची घडीची खुर्ची काढायला सांगितली आहे, आणि मी लोहचुंबक शोधत आहे.