भाऊ स्टेरॉइडची इंजेक्शने घेतो, संताप वाढला आहे. ती सुरक्षितपणे बंद कशी करावीत?

नमस्कार. माझा धाकटा भाऊ शरीरसौष्ठवासाठी गेले काही महिने टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनची (हेही एक स्टेरॉइडच) इंजेक्शने घेत आहे. सोबत आणखी एक औषध आहे, ज्याच्या बाटलीवर घटकांची धड नोंदही नाही. मुळात तो शांत स्वभावाचा. आता मात्र त्याची झोप कमी झाली आहे, बोलणे थांबत नाही, आणि परवा आईने फक्त 'किती वेळ लागेल?' एवढे विचारले म्हणून त्याने कपाटाच्या दारावर अशी मूठ मारली की फळीला तडा गेला. नंतर सुजलेल्या बोटांवर बर्फ धरून तो म्हणाला, "ताई, मला काय होतंय तेच कळत नाही."

त्याचे मित्र म्हणतात, आम्हाला कुठे काय होते? १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी पुरुषांना दहा आठवडे दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन देऊनही रागात वाढ आढळली नव्हती, हे खरे आहे. परंतु २००० सालच्या दुसऱ्या प्रयोगात, कमाल मात्रा तेवढीच असताना, बहुतेकांवर फारसा परिणाम झाला नाही, तरी मोजक्या जणांमध्ये उन्मादाची लक्षणे स्पष्ट दिसली. माझा भाऊ त्या मोजक्यांपैकी असावा, असे मला वाटते.

मला खरी भीती बंद करण्याची आहे. बाहेरून हार्मोन मिळत राहिले की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्युइटरी) ग्रंथीकडून वृषणांना जाणारे संदेश मंदावतात, आणि इंजेक्शने थांबवल्यावर शरीराची स्वतःची निर्मिती पूर्ववत होण्यास कित्येक महिने लागू शकतात. त्या काळात तीव्र नैराश्य, काहींमध्ये आत्महत्येचे विचारही येतात, असे वाचले आहे. (दम्यासाठी दिले जाणारे प्रेडनिसोलोन हे निराळ्या गटातील स्टेरॉइड आहे, कृपया त्याचे अनुभव येथे लागू करू नयेत.)

या क्षेत्रातील डॉक्टरांनी किंवा यातून बाहेर पडलेल्यांनी कृपया सांगावे, की आधी हार्मोनतज्ज्ञांना दाखवावे की मनोविकारतज्ज्ञांना, आणि पहिल्या भेटीत कोणत्या रक्ततपासण्या मागाव्यात? मात्रा हळूहळू कमी करतात की डॉक्टर दुसरे उपचार देतात? सध्या तो 'वेडा ठरवतील' म्हणून दवाखान्यात यायलाच तयार नाही. अशा वेळी तुमच्या घरच्यांनी नेमके काय म्हटल्यावर तुम्ही तयार झालात?