ईएन २४ चा शाफ्ट पाण्यात का तडकला
‘पोलाद पाण्यात क्वेंच केलं (तापवून झटकन थंड केलं) की जास्त कडक होतं’ असं मत ऐकू येतं; ते ईएन ८ या साध्या कार्बन पोलादाला चालेल, ईएन २४ या मिश्र पोलादाला नाही. कमाल कडकपणा ठरवतो कार्बन, आणि तो दोघांतही साधारण ०.४ टक्केच. ईएन २४ मधल्या निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनममुळे पर्लाइट (सावकाश थंड होताना बनणारी मऊ रचना) व्हायला वेळ लागतो, म्हणून ८३०-८५० अंश सेल्सिअसवरून, पाण्यापेक्षा हळू थंड करणाऱ्या तेलातही मार्टेन्साइट (कडक, ठिसूळ रचना) मिळतं. पाण्यात बाहेरचा थर आधीच मार्टेन्साइट होऊन ताठरतो. मागून गाभा सुमारे ३०० अंशांखाली आला की तोही मार्टेन्साइट होताना फुगतो आणि वरचा थर फाटतो. चीर बहुतेकदा की-वेच्या (चावी बसवायच्या खाचेच्या) धारदार कोपऱ्यातून निघते, तिथे त्रिज्या द्या, म्हणजे कोपरा गोलसर करा. आणि जॉब रात्रभर तसाच ठेवू नका! ५०-६० अंशांवर आला की लगेच टेम्परिंगला (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवायला) टाका. शाफ्टला ५५०-६५० अंश ठीक. २५०-४०० चा पट्टा टाळा, तिथे ठिसूळपणा येतो.