मदत हवी आहे : खानदेशच्या उन्हाळ्यात आणि चष्म्यासह सोसवेल असा माइकवाला गेमिंग हेडसेट

नमस्कार.

मी अमळनेरला राहतो. रात्रीची जेवणे आटोपली की नोकरीनिमित्त पुण्या-नाशिककडे गेलेल्या कॉलेजच्या मित्रांबरोबर संगणकावर 'काउंटर-स्ट्राइक २' खेळतो. आमच्यात खेळापेक्षा गप्पाच अधिक रंगत असल्यामुळे हेडसेट दोन-अडीच तास कानांवर सुखाने राहावा आणि माझे बोलणे पलीकडे स्पष्ट पोहोचावे, एवढ्या दोनच अपेक्षा आहेत. दुकानात मात्र रंगीत दिवे आणि '७.१ सराउंड' (चहूबाजूंनी आवाज येत असल्याचा भास) यांचेच कौतुक ऐकावे लागते, आणि हेडसेट कानाला कसा लागतो असे विचारले की खोक्यावरचे छापील वर्णन वाचून दाखवले जाते.

अडचण मुख्यतः उकाड्याची आहे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो आणि दिवसभर तापलेल्या भिंती रात्री दहानंतरही धग सोडत असतात, हे इकडच्या मंडळींना सांगायला नको. माझ्या जुन्या हेडसेटची कुशन रेक्झिनसारख्या कापडाची होती. अर्ध्या तासात कानांभोवती घामाच्या धारा लागत, आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्या आवरणाचे पापुद्रे निघून काळे कण कानांना व दाढीला चिकटू लागले. सुटी कुशन मिळतील का, अशी त्या कंपनीकडे विचारणा केली असता ती वेगळी विकत नाही, असे उत्तर आले. त्यातच मला चष्मा आहे. त्याच्या काड्या कुशनखाली दबतात आणि तासाभराने कानशिले ठणकू लागतात.

दुसरा प्रश्न कूलरचा आहे. खिडकीत मोठा लोखंडी कूलर असून तो बंद ठेवून खेळणे अशक्य आहे. माइक सुरू केला की मित्र 'पिठाच्या गिरणीतून बोलतोस का' असे विचारतात. शेजारच्या खोलीत वडील झोपलेले असल्याने स्पीकर लावण्याचा पर्यायही नाही.

संगणक डेस्कटॉप आहे. मागे आवाजासाठी हिरवे व माइकसाठी गुलाबी अशी वेगळी छिद्रे आहेत. पुढच्या छिद्रात माइक जोडल्यास बारीक गुणगुण ऐकू येते. चार ते पाच हजार रुपये खर्च करण्याची तयारी आहे. हायपरएक्स क्लाउड स्टिंगर २, रेझर ब्लॅकशार्क व्ही२ एक्स, लॉजिटेक जी३३५ आणि बिनतारी लॉजिटेक जी४३५ ही नावे मनात आहेत. यांपैकी कोणता घ्यावा, तारेचा घ्यावा की बिनतारी, आणि कूलरच्या आवाजावर काही उपाय आहे का, याविषयी अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (धुळे)

नमस्कार भाऊ. धुळ्यात संगणक जुळवून देण्याचे काम करतो, त्यामुळे हा प्रश्न दर उन्हाळ्यात कानावर येतो.

आधी कुशनविषयी. तुमच्या कुशनवर जे आवरण होते, त्याला बाजारात पीयू लेदर किंवा प्रोटीन लेदर म्हणतात. कापडाच्या अस्तरावर पॉलियुरेथेनचा पातळ थर, अशी त्याची रचना असते. घाम, त्वचेचे तेल आणि उष्णता यांनी तो थर कमकुवत होऊन सुटू लागतो. ते आवरण हवा अडवत असल्यामुळे बाहेरचा आवाज चांगला रोखते व बेस भरीव वाटतो, पण आपल्या हवेत त्याची किंमत घामाने मोजावी लागते. जाळीदार किंवा मखमली कापडाच्या कुशनमधून हवा खेळते. त्यातून थोडा आवाज बाहेर झिरपतो आणि कूलरची घरघर किंचित आत येते, तरी मधे भिंत असल्यामुळे वडिलांची झोपमोड व्हायची नाही. तुमच्या यादीतील जी३३५ ला कापडी कुशन आहे, म्हणून माझे मत तिकडे झुकते. त्याचे वजन २४० ग्रॅम आहे आणि डोक्यावर टणक पट्टीऐवजी ताणला जाणारा कापडी पट्टा असल्याने टाळूवर भार एका जागी येत नाही. ब्लॅकशार्क व्ही२ एक्ससुद्धा २४० ग्रॅमचाच असून त्याचा माइक चांगला आहे. मात्र त्याचे आवरण लेदरच्या जातीचे आहे. माझ्या मते ३०० ग्रॅमच्या आतला कोणताही हेडसेट दोन तास चालून जातो. त्या मर्यादेत वजनापेक्षा पकड जास्त छळते.

ही पकड म्हणजे दोन्ही कप कानशिलांवर किती जोराने दाबतात ते. खोक्यावर तिचा आकडा छापत नाहीत आणि चष्मेवाल्यांना तर नेमका तोच हवा असतो. नवा हेडसेट घट्ट वाटला, तर तो रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर किंवा त्याच्याच खोक्यावर ताणून ठेवावा. धातूची पट्टी असलेल्यांमध्ये यामुळे पकड बरीच सैल होते; निव्वळ प्लास्टिकच्या पट्टीवर हा प्रयोग जपून करावा. कुशनमध्ये मेमरी फोम असेल तर तो काडीभोवती खचून तिला जागा करून देतो. चष्म्याची काडी जाड प्लास्टिकची असल्यास खेळताना वापरायला पातळ तारेच्या काडीची फ्रेम ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे, आणि तो हेडसेट विकणारे सुचवणार नाहीत.

कूलरविषयी एक गोष्ट लक्षात घ्यावी. 'नॉइज कॅन्सलेशन' हा शब्द दोन निराळ्या कामांसाठी वापरला जातो. एक तुमच्या कानांत येणारा बाहेरचा आवाज कमी करते, दुसरे माइकमध्ये शिरणारा. तुमच्या मित्रांना उपयोग दुसऱ्याचा आहे. त्याहून मोठा उपयोग अंतराचा आहे. माइक आणि ओठ यांतील अंतर निम्मे केले की माइकपर्यंत पोहोचणारा तुमचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, कूलरचा मात्र आहे तेवढाच राहतो. म्हणून दांडीचा माइक ओठांच्या कोपऱ्याजवळ, दोन बोटांच्या अंतरावर आणि किंचित बाजूला ठेवावा. अगदी समोर ठेवला तर 'प', 'फ' म्हणताना श्वासाचा धपका बसतो. त्यानंतर विंडोजमध्ये 'मायक्रोफोन बूस्ट' कमी करावा, कारण तो कूलरलाही तितकाच मोठा करतो. आणि बैठक अशी फिरवावी की कूलरचा झोत तोंडावर न येता पाठीकडून येईल. हे माइक बहुधा तोंडाच्या बाजूचा आवाज जास्त आणि उलट बाजूचा कमी पकडतात, परंतु झोत थेट जाळीवर आदळला तर कोणतीही चाळणी निरुपयोगी ठरते. गप्पांसाठी डिस्कॉर्ड हे अ‍ॅप वापरत असाल, तर उरलेली घरघर त्यातील क्रिस्प ही सोय काढून टाकते. पंख्यासारखा एकसुरी आवाज ओळखणे तिला सोपे जाते.

'७.१' ची काळजी सोडून द्यावी. या किमतीत ते सॉफ्टवेअरने केलेले असते, कपात स्पीकर दोनच असतात. 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये पावलांची दिशा कळण्यासाठी खेळातच एचआरटीएफची (दोन कानांतील आवाजाच्या फरकातून दिशा भासवण्याची) सोय आहे; तिच्यावर हेडसेटचे सराउंड चढवले तर दिशा उलट गोंधळते.

प्रतिसाद २ (भुसावळ)

माझ्या मुलासाठी मी बिनतारी हेडसेट पाहत होते, त्यामुळे त्या बाजूने दोन गोष्टी सांगते. ब्लूटूथवर माइक सुरू केला की बहुतेक हेडसेट बोलण्याच्या प्रकारात जातात आणि खेळाचा आवाज टेलिफोनसारखा चपटा होतो. शिवाय तो उशिरा पोहोचतो. म्हणून बिनतारी घ्यायचाच असेल तर २.४ गिगाहर्ट्झच्या यूएसबी डोंगलवर (संगणकात खोचायच्या छोट्या रिसीव्हरवर) चालणाराच घ्यावा. जी४३५ तसा आहे, वजनही केवळ १६५ ग्रॅम आहे, पण त्याला दांडी नाही. माइक कपातच बसवलेले आहेत. दादा, तुमच्या कूलरपुढे तो टिकणार नाही असे मला वाटते.

कूलरवर मात करायला आवाज वाढवत नेण्याचा मोह होतो, तो आवरावा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी ७५ डेसिबल अशी आहे.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ताई, आपण सांगितलेल्या कारणामुळे जी४३५ यादीतून वगळला आहे. भाऊ, आता तारेच्या जी३३५ कडे कल झाला आहे, पण पुढच्या छिद्रातील गुणगुणीचे काय करावे? आणि जळगावला गोलाणी मार्केटमध्ये जाऊन पाहावा की ऑनलाइन मागवावा?

प्रतिसाद ३ (धुळे)

हेडसेटला तीन कड्यांनी चार भाग पाडलेली एकच ३.५ मिलिमीटरची पिन असेल, तर हिरव्या व गुलाबी छिद्रांसाठी दोन शेपट्यांचा स्प्लिटर लागतो. तो खोक्यात आहे का ते आधी पाहावे, नसल्यास कोणत्याही मोबाइलच्या दुकानात स्वस्तात मिळतो. तो मागच्या छिद्रांतच लावावा, कारण पुढच्या छिद्रांकडे जाणारी वायर कॅबिनेटच्या आत पॉवर सप्लाय आणि ग्राफिक्स कार्डाजवळून जाते व तिथला गोंगाट उचलते. मागे लावूनही गुणगुण राहिली तर छोटे यूएसबी साउंड कार्ड घ्यावे. त्यामुळे माइकचा क्षीण सिग्नल मदरबोर्डाबाहेरच डिजिटल होतो.

परंतु त्याआधी घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर हेडसेट कितीही चांगला घेतला तरी गुणगुण जाणार नाही. आपल्याकडे जुन्या घरांत तिसरी पिन पुष्कळदा नुसती नावाला असते. जिथे मीठ-कोळशाचा खड्डा आहे, तिथेही उन्हाळ्यात माती सुकून रोध वाढतो, म्हणून त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे लागते. स्वतः उघडझाप न करता वायरमनकडून पाहून घ्यावे.

खरेदीचे म्हणाल, तर गोलाणीत एखाद्या दुकानी नमुन्याचा तुकडा उघडा असेल तर चष्मा लावून पंधरा मिनिटे डोक्यावर ठेवावा, मान खाली-वर करावी, चार वाक्ये बोलून जबड्याला अडतो का ते पाहावे. सीलबंद खोके उघडून दाखवायला दुकानदार सहसा राजी होत नाहीत. तसे असेल तर परत घेण्याची मुदत स्पष्ट लिहिलेल्या ठिकाणाहून ऑनलाइन मागवावा, आणि त्या मुदतीतच कूलर लावून, नेहमीच्या वेळेला, सलग दोन तास खेळून पाहावे. वॉरंटीसाठी खोके व बिल जपून ठेवावे. कुशन सुटी मिळतात का हे यावेळी आधीच शोधावे. न मिळाल्यास कपाची लांबी, रुंदी आणि कुशन अडकवण्याची खाच मोजून घेतली तर इतर कंपन्यांची कापडी कुशनही बसतात.

धागाकर्ता

वायरमनला रविवारी बोलावले आहे. कपाची मापे हेडसेट हाती आल्यावर इथेच देईन.