बांधावरचं ते काँग्रेस गवतच
बांधावर उगवलेल्या एका झाडाचा फोटो टाकून कुणीतरी त्याला रानगाजर म्हटलंय, पण ते काँग्रेस गवत आहे. पानांवरून गफलत होते, म्हणून फूल बघा. गाजराचा फुलोरा छत्रीसारखा सपाट पसरतो. फोटोतल्या झाडाला मात्र ज्वारीच्या दाण्याएवढे सुटे पांढरे गेंद आहेत आणि प्रत्येकाच्या कडेला पाच बारीक पाकळ्या. खोडावर उभ्या शिरा आणि लवही असते.

जमीन ओली आहे तोवर, बी धरायच्या आत मुळासकट उपटा. एकेका झाडाला हजारो बिया येतात. हातमोजे घालाच, कातडीवर चट्टे उठून भयंकर खाज सुटते. पानं कुरतडलेली दिसली आणि त्यांवर मळकट पांढरे, तपकिरी रेघांचे भुंगेरे असले तर कृपा करून तिथे कीटकनाशक मारू नका. ते मेक्सिकन भुंगेरे हेच गवत खावं म्हणून १९८४ पासून मुद्दाम सोडलेले आहेत.