ओपॅसिटी नको, फिल कमी करा

कुस्तीच्या फ्लेक्सवर अक्षरं पारदर्शक केली की त्यांची पांढरी किनारही फिकी पडते, त्यावर काय करायचं, असं एकाने विचारलंय. फोटोशॉपमध्ये ओपॅसिटी (किती गडद दिसायचं ते) अख्ख्या लेयरला, म्हणजे अक्षरांच्या पूर्ण थराला लागते, स्ट्रोक (किनार) आणि ड्रॉप शॅडो (मागची सावली) यांसकट. तिच्या जवळच फिल आहे, ते फक्त आतल्या रंगाला लागतं, ते शून्यावर आणा. अक्षरांचा रंग जाईल, किनार ठसठशीत राहील आणि मागच्या फोटोतलं कोल्हापूरचं खासबाग कुस्ती मैदान अक्षरांतून दिसेल. मूव्ह टूल घेऊन ४ दाबलं की ओपॅसिटी ४० टक्के. शिफ्ट धरून दाबलं तर फिल. बॅकग्राउंड लेयरवर हे चालत नाही, आधी त्याचं कुलूप काढा. पैलवानाचा फोटो मात्र पूर्ण १०० वरच ठेवा हो, फिका पैलवान कोल्हापुरात शोभत नाही.