शाळेत पोरांना औषध कुणी द्यायचं: मास्तरांनी की आईबापांनी?

खानापूरची_आई
माझ्या मुलीला टाइप वन डायबेटिस आहे. वय ९. दुपारच्या जेवणाआधी इन्सुलिन घ्यावंच लागतं, त्याला दुसरा इलाज नाही. शाळेचं म्हणणं एकच: "तुम्हीच येऊन टोचून जावा." मी गावातच राहते म्हणून जमतंय. जांबोटी-कणकुंबीकडच्या आईनं काय करायचं? पावसाळ्यात तिकडं एक बस चुकली की दिवस गेला.

राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं २०२३ मध्येच राज्यांना कळवलंय: डॉक्टरांनी सांगितलं असेल तर अशा मुलांना वर्गात शुगर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मध्ये खाऊ द्या. माझं मत सरळ आहे. डॉक्टरांची चिठ्ठी आणि पालकांची सही असेल तर शाळेनं औषध द्यायलाच पाहिजे. विरोध असेल त्यांनी कारण लिहावं, नुसतं "नियमात बसत नाही" नको.

चिकोडीचा_मास्तर
कारण लिहितो ताई. दोघं शिक्षक, पाच वर्ग. दर सोमवारी लोहाच्या गोळ्या, लहानांना गुलाबी, दहाच्या वरच्यांना निळी. फेब्रुवारी आणि ऑगस्टात जंताची गोळी, तीही आमच्या डोळ्यांदेखत चावून खायला लावायची. वर दूध, अंडी, बिसीऊट म्हणजे दुपारचं गरम जेवण आणि त्या सगळ्याचे हिशेब. ते करतो, कारण सगळ्यांना एकच डोस आणि मागे लेखी आदेश असतो.

इन्सुलिन तसं नाही. दोन युनिटच्या जागी बारा गेले तर पोरगी वर्गातच आडवी होईल. आयोगानं मुलांना परवानगी द्या म्हटलंय, सुई मास्तरांनी मारावी असं कुठं म्हटलंय? आणि आयोग दिल्लीत, नोटीस काढणारे साहेब इथं.

निपाणीकर
सर, तुमचं बरोबर हाय, खरं सगळ्या औषधांना एकाच दावणीला बांधू नका. आमच्याकडं तंबाखूचा सीझन आला की गल्लीभर धूळ असत्या, दम्याची पोरं घरटी सापडतील. माझ्या पुतण्याचा पंप शाळेनं दप्तरातनं काढून ऑफिसच्या कपाटात ठेवला. का, तर "दुसरी पोरं खेळतात". दम लागला त्या दिवशी हेडमास्तर मिटिंगला, किल्ली त्यांच्याच खिशात. पोरगं बाकाला धरून वाकलंय, श्वासागणिक गळ्याखालचा खड्डा आत जातोय आणि बाई कुलूप हलवत बसलेत. शेवटी शिपायानं कोयंडा उपटला. दम्याचा पंप पोराच्या खिशातच पाहिजे, ह्यात चर्चा कसली?

शहापूरची_पालक
माझा मात्र विरोध आहे आणि मीही आईच आहे. शाळेनं एकदा "देतो" म्हटलं की लोक काय काय पाठवतील बघा. आत्ताच ताप अंगात असताना क्रोसिन पाजून पोरं सोडतात. दहापर्यंत ठणठणीत, बारा वाजता बेंचवर डोकं टाकून पडलेली. आणि दुसऱ्या दिवशी शेजारचं पोरगं तापलेलं. लेबल निघालेली बाटली, "दोन टोपण द्या" असा निरोप, तोही सात वर्षांच्या मुलाच्या तोंडी. बाईंनी काय समजायचं?

पीएचसीची_सिस्टर
शहापूरच्या ताईंना दुजोरा. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचंही येतं आणि २५०चंही. टोपण तेच, औषध दुप्पट. म्हणून तापाचं, खोकल्याचं, अँटिबायोटिकचं औषध शाळेत पाठवूच नये. तीन वेळा असलं तरी सकाळी, शाळा सुटल्यावर आणि रात्री असं बहुतेक वेळा बसवता येतं, डॉक्टरांना विचारा.

थांबता येत नाही अशी औषधं थोडीच: इन्सुलिन, दम्याचा पंप, फिटचा नाकातला स्प्रे. फिट पाच मिनिटांवर चालली तर तो स्प्रे मारायचा, डोस वजनाप्रमाणे आधीच चिठ्ठीत लिहिलेला असतो. मास्तर, तुम्हाला जास्त झालेल्या इन्सुलिनची भीती आहे, ती रास्त आहे. पण शुगर ७०च्या खाली गेली की काय करायचं हे तर सुई कुणीही मारली तरी तुम्हालाच माहीत पाहिजे, कारण पोर तुमच्यासमोर असतं. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी परत तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ला फोन करा. फ्रिज नाही ही सबबही नको. वापरात असलेलं इन्सुलिनचं पेन (डोसाचा आकडा फिरवून टोचायचं) साधारण चार आठवडे बाहेर चालतं, उन्हात ठेवू नका म्हणजे झालं.

बेळगावचा_वकील
कायद्याचं भूत उगाच मोठं केलं जातंय. १२ वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, पालकांच्या संमतीनं, सद्हेतूनं केलेल्या कृतीला संरक्षण आहे. आधी भारतीय दंड संहितेचं कलम ८९ होतं, आता न्याय संहितेचं २७. त्यालाही अपवाद आहेत, पण चिठ्ठीप्रमाणे औषध देणारा मास्तर त्यात बसत नाही. संमती मात्र लेखी घ्या.

चिकोडीचा_मास्तर
वकीलसाहेब, कोर्टात सुटेन हो. पण निलंबन आधी येतं, सुटका पाच वर्षांनी. तोवर घर कोण चालवणार? डीडीपीआय म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात जाऊन कलम २७ वाचून दाखवू?
सिस्टरचं साखरेचं मात्र पटलं. आम्हाला ट्रेनिंग सगळ्याचं देतात, ह्याचं कधी दिलं नाही.

खानापूरची_आई
सर, माझी मुलगी पेन स्वतः लावते. फक्त घाईत आकडा चुकीचा फिरवेल अशी धास्ती. कुणा मोठ्यानं पेनवरचा आकडा बघायचा, वहीत लिहून सही करायची, एवढंच. सुई तुम्ही मारू नका. तापाच्या बाटल्यांचंही पटलं, त्या नकोतच.

चिकोडीचा_मास्तर
आकडा बघितला म्हणजे जबाबदारी आलीच की. तरी हे जमण्यासारखं आहे. एसडीएमसीचा, म्हणजे सरकारी शाळेच्या पालक समितीचा ठराव करा, पीएचसीच्या डॉक्टरांची सही घ्या, दोन शिक्षकांची नावं त्यात घाला, म्हणजे एक रजेवर असला तरी अडत नाही. ठरावात माझं नाव आलं तर मी नाही म्हणणार नाही. तोंडी सांगितलं तर मात्र करणार नाही.

शहापूरची_पालक
आणि मोठ्या खासगी शाळांचं काय? तिथं एसडीएमसी नसते, फी भरा नि गप्प बसा.

निपाणीकर
त्यांच्यासाठी वेगळा धागा काढा, भांडण मोठं हाय ते. कुणाच्या शाळेत असा ठराव झालाय काय? झाला असला तर मजकूर टाका हितं. कन्नडमध्ये असला तरी चालतंय, वाचून घेतो.