‘शीघ्र हस्तक्षेप’ : सोपा मराठी शब्द सुचवा

प्रश्न

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. पथकं अंगणवाड्यांत नि शाळांत जाऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वांची कमतरता, आजार, उशिरा होणारा विकास असं काही आढळलं आणि पुढचे उपचार लागणार असले, तर मुलाला ‘जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रा’त पाठवतात. परवा एक आई चिठ्ठी हातात धरून विचारत होती, “हस्तक्षेप म्हणजे? आमची काही तक्रार नाही हो कुणाबद्दल.” तिचं बाळ दहा महिन्यांचं, अजून बसत नाही. या नावाला चांगला पर्याय हवा आहे.

प्रतिसाद

त्या आईचं बरोबर आहे. आपण हस्तक्षेप हा शब्द वाचतो कुठे? राजकीय हस्तक्षेप, न्यायालयाचा हस्तक्षेप. म्हणजे दुसऱ्याच्या कामात हात घालणं, ढवळाढवळ. आजारी मुलावर कुणी हस्तक्षेप करत नाही, उपचार करतं. ‘बालविकास केंद्र’ म्हटलं तर?

प्रतिसाद

ताई, ते नाव आधीच दिलेलं आहे. कुपोषित मुलांसाठी गावात ‘ग्राम बालविकास केंद्र’ चालतं, तिथे आहार देतात. अंगणवाडी सेविकांचा गोंधळ होईल.

प्रतिसाद

मी वाचा-उपचार करते. मला ‘हस्तक्षेप’पेक्षा ‘शीघ्र’ जास्त खटकतो.

शीघ्रकवी, शीघ्रकोपी हे शब्द आठवा. शीघ्र म्हणजे झटपट. इथे सांगायचं आहे ते वेगळंच: मूल लहान असतानाच, वेळ न दवडता सुरुवात करा. उपचार झटपट संपतील असं कुणालाच म्हणायचं नाही, पण आईबापांना ऐकू येतं ते तेच.

जन्मतः पाऊल आत वळलेल्या बाळाचं उदाहरण घ्या. पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलून पाऊल हळूहळू सरळ आणतात. बहुतेक बाळांच्या टाचेमागची दोरीसारखी शीर (कंडरा) छोटासा छेद देऊन सैल करावी लागते. हे सगळं काही आठवड्यांत होतं आणि पाय सुरेख दिसू लागतो. खरं काम त्यानंतरचं असतं. दांडीला जोडलेले बूट आधी तीन महिने जवळजवळ दिवसभर, मग रात्री झोपताना, चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. बाळ रडतं, आजी म्हणते, “पाय झाला ना सरळ, कशाला छळता पोराला?” बूट सुटतात आणि पाऊल पुन्हा वळतं. अशा घराला ‘शीघ्र’ हा शब्द सांगायचा? कानांचंही तसंच. जन्मल्यावर महिनाभरात तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र आणि थेरपी सुरू, असं वेळापत्रक आम्ही मानतो. सुरुवात लवकर व्हायला हवी, पण ऐकायला-बोलायला शिकवण्याचं काम पुढे वर्षानुवर्षं चालतं.

म्हणून ‘वेळेत उपचार’ म्हणा. वेळेत सुरू करायचे, हे त्यातून कळतं. लगेच संपतील, असं कुणाला वाटत नाही.

प्रतिसाद

‘बाल पुनर्वसन केंद्र’?

प्रतिसाद

नको. पुनर्वसन म्हटलं की आपल्याकडे धरणग्रस्त डोळ्यांसमोर येतात. शिवाय ‘पुनः’ कशाला? जे मूल जन्मापासून ऐकत नाही, त्याचं गेलेलं काही परत आणायचं नाहीये, नव्यानं शिकवायचंय. दिव्यांगांच्या हक्कांबाबतच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही कलम २६ मध्ये या दोन गोष्टींना वेगवेगळे शब्द आहेत. मराठीत मात्र दोन्हींना सर्रास ‘पुनर्वसन’च म्हणतात.

प्रतिसाद

माझा मुलगा अशाच एका केंद्रात जातो. तिथे बाकावर बसलेल्या आया काय म्हणतात ते सांगते: “थेरपीला आणलंय.” ‘थेरपी’ प्रत्येकीला कळतं. तिथे कानाची, बोलण्याची, व्यायामाची सोय एकाच जागी आहे, म्हणून फलकावर ‘लहान मुलांचं थेरपी केंद्र’ लिहा आणि खाली ‘उशिरा बसणं, चालणं, बोलणं; ऐकू न येणं; वाकडे पाय’ असं सरळ लिहा. सरकारी नाव कागदावर राहू दे.

आणखी एक ओळ हवीच. पुष्कळ घरं या दारापर्यंत येतच नाहीत, कारण ‘तिथे गेलं की पोराला दिव्यांग ठरवतात’ ही भीती. तपासणी आणि थेरपी सुरू करायला दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही. ते फलकावरच मोठ्या अक्षरात असावं.

प्रश्नकर्ती

‘लहान मुलांचं थेरपी केंद्र – वेळेत उपचार’. हे दोन्ही घेते. प्रमाणपत्राची ओळ आमच्या चिठ्ठीवरही छापून घेण्यासाठी उद्याच बोलते.